हृदयाच्या लयदोषांचे मॅपिंग आणि अ‍ॅब्लेशन: नव्या शोधाला नेमकी जागा कुठे आहे?

तरंगवेध

नमस्कार. माझे शिक्षण आणि आजवरचे काम सिग्नल प्रोसेसिंगचे आहे. यापुढे वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात, त्यातही हृदयाच्या लयदोषांचे मॅपिंग करणाऱ्या यंत्रणांवर काम करावे, असा विचार आहे. वाचनातून जे समजले ते थोडक्यात असे: मांडीच्या शिरेतून कॅथेटर हृदयात नेला जातो, त्याच्या टोकावरील इलेक्ट्रोड आतल्या भिंतीला टेकवून ठिकठिकाणचे विद्युत संकेत नोंदवले जातात, कॅथेटरचे स्थान चुंबकीय क्षेत्राच्या किंवा इम्पीडन्सच्या (विद्युत अडथळ्याच्या) साहाय्याने ओळखले जाते, आणि या दोन्हींवरून संगणक त्या कप्प्याचे त्रिमितीय रंगीत चित्र उभे करतो. पूर्वी एकेक बिंदू हाताने टिपावा लागे. आता अनेक इलेक्ट्रोड असलेल्या कॅथेटरमुळे काही मिनिटांत हजारो बिंदू मिळतात.

असे असूनही दीर्घकाळ टिकून राहिलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे विस्कळीतपणे थरथरण्याच्या लयदोषात) अ‍ॅब्लेशनचे, म्हणजे दोषी ऊती कॅथेटरने निकामी करण्याच्या उपचाराचे, यश मर्यादितच का राहिले आहे, हे मला उमगत नाही. बिंदूंची घनता आणि नोंदीचा वेग वाढवत नेणे हाच पुढचा मार्ग आहे, की अडचण दुसरीकडेच आहे? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या अभियंत्याने कोणता प्रश्न हाती घ्यावा, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

लयवैद्य

तुमचे वर्णन बरोबर आहे, परंतु त्या रंगीत चित्रामागे किती निर्णय दडलेले असतात हे बाहेरून लक्षात येत नाही. तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथेच आहे. मी लयदोषांवर उपचार करणारा डॉक्टर आहे, तेव्हा टेबलाच्या बाजूने लिहितो. यंत्राच्या आतले कुणी तरी दुसरे सांगेलच.

कॅथेटर भिंतीला टेकला की मिळणाऱ्या संकेतातला नेमका कोणता क्षण ‘इथली ऊती आत्ता उद्दीपित झाली’ असा धरायचा, हे सॉफ्टवेअरला ठरवावे लागते. निरोगी ऊतीत हा क्षण टोकदार आणि निःसंदिग्ध असतो. व्रणाच्या (मेलेल्या स्नायूच्या जागी उरलेल्या खुणेच्या) कडेला मात्र संकेत लहान, लांबलेला आणि तुकड्यातुकड्यांचा असतो. त्यात तीन-चार शिखरे दिसतात आणि त्यांतले एखादे तर शेजारच्या जाड स्नायूचे, दुरून आलेले असते. शिवाय प्रत्येक वेळ ही एका स्थिर संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजली जाते आणि तिच्यासाठी आधी एक कालखिडकी आखून घ्यावी लागते. लहर वर्तुळात फिरत असेल तर तिला ना आरंभ असतो ना शेवट. खिडकी थोडी सरकवली की ‘सर्वांत आधी’चा तांबडा रंग उठून दुसऱ्याच भिंतीवर जाऊन बसतो, रुग्णाच्या हृदयात मात्र तसूभरही फरक पडलेला नसतो. दोन बिंदूंमधला रंग तर अंदाजानेच भरलेला असतो. बिंदू वाढवले की हा शेवटचा दोष कमी होतो. पहिले दोन तसेच राहतात, उलट चुकीच्या क्षणांची संख्याही त्याच पटीत वाढते.

या विद्येचा इतिहास पाहिला तर मोठी पावले चित्र सुंदर झाल्याने पडलेली नाहीत, असे माझे मत आहे. १९६७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये डुरर यांनी आणि पॅरिसमध्ये कूमेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे दाखवले की नेमक्या वेळी दिलेल्या एका विद्युत ठोक्याने जलद लय सुरू करता येते आणि थांबवताही येते. तेथून लयदोष हा निरीक्षणाचा विषय न राहता प्रयोगाचा विषय झाला. १९६८ मध्ये ड्यूक विद्यापीठात सीली यांच्या चमूने वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट विकार असलेल्या रुग्णाचे हृदय उघडून, त्याच्या पृष्ठभागावर हाताने इलेक्ट्रोड फिरवून, अलिंद (वरचा कप्पा) आणि निलय (खालचा कप्पा) यांना जोडणारी जास्तीची विद्युतवाट शोधली आणि ती कापली. रंगीत पडदा नव्हताच. प्रश्न मात्र स्वच्छ होता: जास्तीची वाट झडपेच्या कडेला कुठे ओलांडते? प्रश्न स्वच्छ होता म्हणूनच पुढे हत्यार बदलत गेले तरी चालले. १९८२ मध्ये शाइनमन आणि गॅलॅघर यांच्या गटांनी कॅथेटरमधून थेट विद्युत झटका देऊन अलिंद-निलय जोड तोडली, आणि १९९१ पर्यंत रेडिओफ्रिक्वेन्सीने जास्तीची वाट निकामी करणे हा उघड्या शस्त्रक्रियेला पर्याय ठरला होता.

एट्रियल फिब्रिलेशनचेही तेच. १९९८ मध्ये बोर्दोच्या हाइसागेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांत हा लयदोष पेटवणारे जास्तीचे ठोके कुठून उगम पावतात ते तपासले आणि ६९ उगमस्थानांपैकी ६५, म्हणजे ९४ टक्के, फुप्फुसशिरांच्या (फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांच्या) आत सापडली. क्ष-किरण पडदा, अनेक इलेक्ट्रोडचे कॅथेटर आणि ‘ठोका पडण्याच्या आधी प्रथम कुठे हालचाल दिसते’ हा साधा प्रश्न, एवढ्यावर हे साधले. आज जगभर फुप्फुसशिरांचे विद्युत अलगीकरण केले जाते, म्हणजे अ‍ॅब्लेशनने त्यांचा अलिंदाशी विद्युत संबंध तोडला जातो, ते त्या निरीक्षणामुळे.

आता नकाशा पटला तरी आम्ही लगेच उपचार का करत नाही, ते सांगतो. वर्तुळात फिरणारी जलद लय असेल तर संशयित जागी कॅथेटर ठेवून तिच्या चक्रकालापेक्षा (एका फेरीच्या वेळेपेक्षा) २०-३० मिलिसेकंदांनी जलद पेसिंग करायचे, म्हणजे कॅथेटरमधून विद्युत ठोके द्यायचे, मग थांबवायचे, आणि त्याच इलेक्ट्रोडवर पुढचा ठोका किती वेळाने परततो ते मोजायचे. परतीचा वेळ आणि मूळ चक्रकाल यांतला फरक ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ती जागा वर्तुळात आहे. शंभर मिलिसेकंद निघाला तर नकाशाने कितीही आग्रह धरला तरी ती जागा आडवाटेवरची आहे. ही चाचणी मोजणीची नाही, हस्तक्षेपाची आहे: लयीला धक्का देऊन तिचे उत्तर ऐकायचे. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच की बिंदू मुबलक झाले आहेत, पुरावा दुर्मीळ आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तर अशी धक्का देऊन खात्री करण्याची रीतच आपल्याजवळ नाही, कारण लहर क्षणोक्षणी वाट बदलते.

चुंबकसूची

लयवैद्य यांच्या मुख्य मुद्द्याशी सहमत आहे, पण स्थाननिश्चितीच्या शोधाला त्यांनी फारच स्वस्तात काढले. मी कॅथेटर आणि त्यांच्या मागची इलेक्ट्रॉनिकी यांवर काम करतो.

इस्रायलमध्ये बेन-हाइम आणि सहकाऱ्यांनी १९९६-९७ च्या सुमारास जी चुंबकीय पद्धत प्रसिद्ध केली, तिचा गाभा साधा आहे: टेबलाखाली तीन ठिकाणी अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्रे निर्माण करायची आणि कॅथेटरच्या टोकातील सूक्ष्म संवेदकाने ती मोजून स्वतःचे स्थान आणि दिशा दोन्ही काढायची. अचूकता मिलिमीटरच्या आसपास आली. दुसरी वाट विटकाम्प्फ यांनी १९९९ मध्ये मांडली. तीत छातीवर तीन दिशांनी चिकटवलेल्या पट्ट्यांमधून क्षीण उच्च-वारंवारतेचा प्रवाह सोडून कुठल्याही साध्या इलेक्ट्रोडवर पडणाऱ्या व्होल्टेजवरून त्याचे स्थान काढतात. पहिली भौमितिकदृष्ट्या सरळ, पण त्यासाठी खास कॅथेटर लागतो; दुसरीला कोणताही कॅथेटर चालतो, पण शरीरातला प्रवाह सरळ रेषेत वाहत नसल्याने तिचे अवकाश वाकडे असते आणि फुप्फुसांत हवा भरली की ते आणखी हलते. आजच्या यंत्रणा दोन्हींची सांगड घालतात. या शोधांमुळे क्ष-किरणांचा वापर घटला हे तर झालेच, पण त्याहून मोठे हे की डॉक्टरला एका जागेहून निघून पुन्हा अचूक त्याच जागी परतता येऊ लागले. फुप्फुसशिरांभोवती एकाला एक लागून अ‍ॅब्लेशनच्या डागांची अखंड कडी ओढायची तर ही स्मृती लागतेच.

घनतेबद्दल एक भर. संकेत दोन शेजारच्या इलेक्ट्रोडमधल्या फरकाने (द्विध्रुवी पद्धतीने) घेतला, तर लहर कोणत्या दिशेने आली यावर त्याची उंची अवलंबून राहते. लहर त्या जोडीला आडवी गेली की दोन्ही इलेक्ट्रोडना ती एकाच क्षणी भेटते, फरक जवळजवळ शून्य होतो, आणि धडधाकट ऊती नकाशावर व्रण म्हणून रंगते. यावर उपाय निघाला तो बिंदू वाढवून नाही, भूमिती बदलून: चार गुणिले चार अशा जाळीत ३ मिलिमीटर अंतरावर १६ इलेक्ट्रोड बसवले की एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन जोड्यांनी एकच जागा मोजता येते. निलयात ०.५ मिलिव्होल्टच्या खाली दाट व्रण आणि १.५ च्या वर निरोगी ऊती, हे जे आकडे सर्रास वापरले जातात, ते मोठ्या टोकाच्या कॅथेटरवरून ठरलेले आहेत. लहान इलेक्ट्रोड आपल्या खालचा कमी भाग पाहतो, म्हणून तेच आकडे त्याला लावणे कितपत योग्य, याचा विचार अनेकदा होत नाही.

उपचाराच्या बाजूला शोधाची गोष्ट आणखी रंजक आहे, कारण तिथे प्रत्येक नवे तंत्र मागच्याच्या दोषातून जन्मले. थेट झटक्याने आत बुडबुड्याचा स्फोटच होई. दाबलहरीने भिंत फाटण्याचा धोका असे आणि मात्रेवर नियंत्रण नसे. सुमारे ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह स्नायूला उद्दीपित न करता तापवतो, म्हणून रेडिओफ्रिक्वेन्सी आली. पण तिथेही प्रवाहाने थेट तापतो तो टोकाखालचा जेमतेम मिलिमीटरभर थर. उरलेली खोली उष्णतेच्या वहनाने गाठली जाते. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास पेशी कायमच्या मरतात आणि १०० अंशांना आत वाफ होऊन ऊती फुटते. खेळायला मिळते ती एवढीच पट्टी. टोक थंड राहावे म्हणून त्याच्या छिद्रांतून सलाइन सोडले जाऊ लागले आणि डाग खोल झाला. पण त्यामुळे टोकाचे तापमान ऊतीच्या तापमानाबद्दल काहीच सांगेनासे झाले. मग टोक किती ग्रॅमने दाबले आहे ते मोजणारा संवेदक आला. म्हणजे पुन्हा तेच: जे कळायला हवे ते मोजता येत नाही, म्हणून शेजारचे काही तरी मोजायचे.

तरंगवेध

दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न आहेत. फिब्रिलेशनमध्ये भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या लहरी, म्हणजे रोटर, बास्केट कॅथेटरने (टोपलीसारख्या तारांवर इलेक्ट्रोड असलेल्या कॅथेटरने) शोधून नेमक्या तिथेच उपचार करण्याची कल्पना वाचली होती. तिचे पुढे काय झाले? आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या खुणा शिकवून एखादे न्यूरल नेटवर्क संकेतांचा अर्थ अधिक चांगला लावू शकणार नाही का?

मोजपट्टी

मी चाचण्यांचे संख्याशास्त्र पाहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काहीसे खेदाचे आहे. नारायण आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६४ इलेक्ट्रोडच्या बास्केटने अलिंदातील रोटर शोधून त्यांवर उपचार केल्याचे फार आशादायक निकाल प्रसिद्ध केले, आणि सगळ्या क्षेत्राचे कान टवकारले गेले. नंतरच्या बहुकेंद्री यादृच्छिक चाचणीत मात्र फुप्फुसशिरांच्या अलगीकरणाला या उपचाराची जोड दिल्याने वेगळा लाभ दिसला नाही. बास्केटच्या तारा अलिंदाच्या भिंतीला सर्वत्र टेकत नाहीत, इलेक्ट्रोडमधले अंतर मोठे असते, आणि विरळ नमुन्यांवरून कलाकोन (लहर आपल्या चक्रात कुठवर आली ते दाखवणारा कोन) काढताना गणित भोवरे निर्माणही करू शकते. हा शेवटचा मुद्दा तुमच्या विषयातला आहे, तेव्हा अधिक लिहीत नाही.

त्याहून बोधप्रद म्हणजे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘स्टार एएफ २’ ही चाचणी. दीर्घकाळ टिकलेले फिब्रिलेशन असलेल्या ५८९ रुग्णांत तीन रीतींची तुलना केली गेली: केवळ फुप्फुसशिरांचे अलगीकरण, त्यासोबत तुकड्यातुकड्यांचे संकेत दिसतील तिथे अ‍ॅब्लेशन, आणि अलगीकरणासोबत दोन सरळ रेषा. १८ महिन्यांनी फिब्रिलेशन न परतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५९, ४९ आणि ४६ टक्के होते. फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. पण अधिक जाळण्याने अधिक लाभ होतो ही समजूत त्याने ढासळली. संकेत चमत्कारिक दिसतो म्हणून ती जागा दोषी, हे अनुमानच तपासलेले नव्हते. औषधांच्या क्षेत्राने हाच धडा फार महागात घेतला होता: हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिसणारे जास्तीचे ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी दाबले गेले खरे, पण ‘कास्ट’ चाचणीत ती घेणाऱ्यांत मृत्यू वाढले आणि १९८९ मध्ये त्यांचा भाग थांबवावा लागला.

म्हणून न्यूरल नेटवर्कबद्दल माझा प्रतिप्रश्न: ते शिकणार कशावरून? डॉक्टरांनी लावलेल्या खुणांवरून शिकले तर ते डॉक्टरांचा अंदाज जलद करून देईल, इतकेच. रुग्णाच्या परिणामावरून शिकवायचे तर परिणाम फार भरड असतो. बहुतेक चाचण्यांत पहिले काही आठवडे वगळून त्यानंतर ३० सेकंदांहून अधिक काळ लयदोष आढळला तर उपचार अयशस्वी धरतात. शेकडो डागांपैकी कोणता कामी आला आणि कोणता वाया गेला, हे त्या एका ‘हो’ किंवा ‘नाही’तून काढता येत नाही. शिवाय किती बारकाईने शोधले यावरही यश अवलंबून असते. त्वचेखाली नोंदयंत्र बसवलेल्या रुग्णांत ‘अपयश’ साहजिकच जास्त सापडते.

लयवैद्य

मोजपट्टी यांच्याशी पूर्ण सहमत. तरीही तरंगवेध यांनी निराश होऊ नये, कारण दोन ठिकाणी खरोखर नवी दारे उघडली आहेत.

एक म्हणजे शरीराबाहेरून मॅपिंग. रूडी यांच्या गटाने अनेक वर्षे यावर काम केले: छातीवर सुमारे २५० इलेक्ट्रोड लावायचे, सीटी स्कॅनवरून हृदयाचा आणि छातीचा आकार घ्यायचा, आणि त्वचेवरच्या व्होल्टेजवरून हृदयाच्या पृष्ठभागावरचे व्होल्टेज उलट गणिताने काढायचे. हे उलट गणित कमालीचे नाजूक असते. मोजणीतली छोटी चूक उत्तरात प्रचंड होऊन येते, म्हणून उत्तरावर गुळगुळीतपणाची अट लादावी लागते, आणि तीच अट बारीक तपशील पुसून टाकते. दोन निलयांमधला पडदा तर या पद्धतीला थेट दिसतच नाही. तरीही सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील चमूने २०१७ मध्ये, इतर उपाय थकलेल्या पाच रुग्णांत, अशाच नकाशावरून आणि स्कॅनमधील व्रणावरून लक्ष्य ठरवून कर्करोगासाठी वापरतात त्या किरणोत्साराची २५ ग्रे (ग्रे हे अशा मात्रेचे एकक) इतकी एकच मात्रा दिली. शरीरात कॅथेटर न घालता त्यांची निलयाची जलद लय बरीच आटोक्यात आली. रुग्ण थोडे होते आणि दूरगामी दुष्परिणामांवर लक्ष ठेवावेच लागेल, पण कप्प्याच्या आतून ज्या खोलीपर्यंत पोहोचता येत नाही तिथेही उपचार करता येतो, हे त्यातून दिसले.

दुसरे म्हणजे स्पंदित विद्युत क्षेत्राने अ‍ॅब्लेशन. काही मायक्रोसेकंदांच्या, सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंतच्या स्पंदांनी पेशीच्या आवरणाला छिद्रे पडतात आणि ती मरते. मुख्य परिणाम उष्णतेचा नसतो. हृदयस्नायू या क्षेत्राला लवकर बळी पडतो, तर अलिंदाला पाठीमागून टेकलेली अन्ननलिका बऱ्याच अंशी बचावते, आणि आमच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे. उष्णतेने अलिंद आणि अन्ननलिका यांच्यात छिद्र पडणे ही क्वचित घडणारी, पण बहुधा जीवघेणी ठरणारी गुंतागुंत असते. अमेरिकेत या तंत्राला डिसेंबर २०२३ मध्ये पहिली मान्यता मिळाली. त्याचे स्वतःचे प्रश्न आहेतच: हृदयधमनी आकसणे, आणि फार स्पंद दिल्यास तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येणे.

मात्र तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. स्पंद दिल्याबरोबर त्या जागेचा संकेत नाहीसा होतो. पडद्यावर शिरेच्या तोंडाशी नाचणारी टोकदार रेघ एका क्षणात सपाट होते. पण कडेच्या काही पेशी मेलेल्या नसतात, फक्त बधिर झालेल्या असतात. त्या पुढे सावरतात आणि कडीत फट पडते. संकेत गेला म्हणजे ऊती गेली, हे गृहीतक उष्णतेच्या उपचारातही पूर्णपणे खरे नव्हते, इथे तर ते फारच लंगडे पडते. टिकाऊ डाग आणि तात्पुरती बधिरता यांत टेबलावरच, त्याच बैठकीत, फरक करून देणारी मोजणी कुणी शोधली, तर तिचे मोल आणखी दहा हजार बिंदूंपेक्षा जास्त असेल.

चुंबकसूची

हा प्रश्न मी देखील सुचवला असता, आणि मोजपट्टी यांच्या आक्षेपालाही त्यात थोडे उत्तर आहे. काही रुग्णांत लयदोष परततो आणि दुसऱ्यांदा प्रक्रिया करावी लागते. तेव्हा कडीत फट नेमकी कुठे पडली ते नव्याने मॅपिंग करून दिसते. पहिल्या वेळी त्या जागी काय मोजले होते, इम्पीडन्स किती घटला, दाब किती होता, संकेताचा आकार कसा बदलत गेला, याच्याशी दुसऱ्या वेळचे उत्तर जोडता आले, तर शिकवण्यासाठी डागागणिक खरा पडताळा मिळतो. हा नमुना एकांगी आहे हे मान्य, कारण जे बरे झाले ते परत येत नाहीत. काही अभ्यासांत सर्वांचीच ठरावीक काळाने पुन्हा तपासणी केली जाते, तो डेटा जास्त विश्वासार्ह. मात्र गाळणीतून गेलेले द्विध्रुवी संकेत घेऊ नका. ३० हर्ट्झखालचे सगळे त्यात बहुधा कापलेले असते, आणि ऊतीला इजा झाल्याची खूण, म्हणजे एकध्रुवी (एकाच इलेक्ट्रोडवरून घेतलेल्या) संकेताची सावकाश वर उचललेली पातळी, नेमकी तिथेच असते.

तरंगवेध

दिशा मिळाली, आभारी आहे. शेवटची एक शंका: दोन प्रक्रियांच्या मधल्या काळात अलिंदाचा आकार बदललेला असेल, तर पहिल्या नकाशावरचा डाग आणि दुसऱ्या नकाशावरची फट एकमेकांवर कितपत अचूक बसवता येतील?

चुंबकसूची

शिरांची तोंडे आणि डाव्या अलिंदाच्या उपांगाची (पिशवीसारख्या फुगवट्याची) कड या स्थिर खुणा धरून, मधला पृष्ठभाग ताणून बसवावा लागतो. त्यात काही मिलिमीटरची चूक राहणारच, आणि एका डागाची रुंदीही साधारण तितकीच असते, म्हणून एकेका डागाचा हट्ट धरू नये. शिरेचा घेर आठ-दहा भागांत वाटून ‘या भागात फट पडली की नाही’ एवढेच विचारा. आणि त्या भागातला सर्वांत कमजोर डाग कोणता होता ते पहिल्या नोंदीत शोधा, सरासरी काढू नका, कारण लहर पलीकडे जायला एकच फट पुरते.